राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरातील परिचय-खेळ : स्वरूप, उपयुक्तता आणि मर्यादा

सारांश : राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात वेगवेगळ्या शाखांतील आणि वेगवेगळ्या सामाजिक पार्श्वभूमीचे विद्यार्थी प्रथमच एकत्र राहतात व गटाने काम करतात. त्यांची परस्परांशी ओळख व्हावी यासाठी पहिल्या दिवशी परिचय-खेळ घेतले जातात. हे खेळ बहुधा करमणुकीचा भाग मानले जातात. वास्तविक त्यांत कोणता प्रश्न विचारला जातो, कोणत्या क्रमाने विचारला जातो आणि त्यापुढे कोणते काम येते, यावर गट जुळणार की जुनेच भेद पक्के होणार हे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात सामाजिक मानसशास्त्रातील काही महत्त्वाच्या अभ्यासांच्या आधारे या खेळांचे स्वरूप, त्यांची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

बीजसंज्ञा : परिचय-खेळ, गटप्रक्रिया, राष्ट्रीय सेवा योजना, सामाजिक अंतर, सहकार्य.

१. प्रस्तावना

महात्मा गांधी यांच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ केला. आरंभी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थी या योजनेत सहभागी झाले होते. ‘मी नव्हे, तर तुम्ही’ असा आशय असलेले बोधवाक्य घेऊन ही योजना पुढे देशभर विस्तारली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे नियमित कार्य करावे आणि एका सात दिवसांच्या विशेष निवासी शिबिरात सहभागी व्हावे, अशी तिची सर्वसाधारण रचना आहे.

हे शिबिर बहुधा दत्तक गावात भरते. सकाळी प्रभातफेरी, त्यानंतर श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, सायंकाळी ग्रामसर्वेक्षण किंवा गावकऱ्यांशी संवाद आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असा दिनक्रम असतो. स्वयंपाक, स्वच्छता, पाणी आणि श्रमदान यांसाठी गट पाडले जातात. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांचे विद्यार्थी एकाच महाविद्यालयात शिकत असले, तरी त्यांच्या तासिका, इमारती आणि मित्रमंडळी वेगळी असतात. त्यामुळे शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी गावातील शाळेच्या पटांगणात जे चित्र दिसते, ते एका शिबिराचे नसून पाच-सहा जुन्या घोळक्यांचे असते. एका वर्गातले एकत्र, एका एस.टी.ने ये-जा करणारे एकत्र, वसतिगृहातले एकत्र आणि मुली एका बाजूला, अशी विभागणी कोणी न सांगताच होते. दुसऱ्या दिवशी बांधावर दगड वाहून नेताना गटप्रमुखाला समोरच्याचे नावही ठाऊक नसते आणि ‘ए, निळा शर्ट’ अशी हाक मारावी लागते. ज्याला नावाने हाक मारता येत नाही, त्याच्याकडून मनापासून काम होण्याची अपेक्षा धरणे कठीण असते.

ही अडचण दूर करण्यासाठी परिचय-खेळ योजले जातात. मात्र ते का आणि कसे घ्यावयाचे, याचा विचार क्वचितच केला जातो.

२. परिचय-खेळ : संकल्पना

अपरिचित व्यक्तींच्या गटात प्रारंभी जाणवणारा संकोच कमी करून त्यांना परस्परांशी बोलते करण्यासाठी योजलेली अल्पकालीन, नियमबद्ध आणि सर्वांना सहभाग देणारी कृती म्हणजे परिचय-खेळ होय. यासाठी इंग्रजीतून आलेला ‘आइसब्रेकर’ हा शब्द आता प्रशिक्षणवर्गांत सर्रास वापरला जातो. बर्फ फोडून जहाजाला वाट करून देणे, ही त्यामागील प्रतिमा थंड प्रदेशातील समुद्राची आहे. मराठीत या प्रक्रियेसाठी ‘भीड चेपणे’ हा अधिक नेमका वाक्प्रचार आहे. बर्फ एका घावात फुटतो. भीड मात्र हळूहळू चेपत जाते. परिचय-खेळाचे खरे स्वरूप या दुसऱ्या प्रतिमेत अधिक अचूकपणे व्यक्त होते.

गटाच्या वाटचालीत हे खेळ कोठे बसतात, हे समजण्यासाठी ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये मांडलेले प्रारूप उपयुक्त ठरते. त्यांच्या मते लहान गट हा जुळवणी, संघर्ष, नियमनिश्चिती आणि कार्यसिद्धी या चार अवस्थांतून जातो. १९७७ मध्ये मेरी ॲन जेन्सन यांच्यासह त्यांनी त्यात विसर्जन या पाचव्या अवस्थेची भर घातली. वर्षभर एकत्र काम करणाऱ्या गटाला या अवस्था सावकाश पार करता येतात. शिबिरातील गटाला मात्र त्या सर्व सात दिवसांत पूर्ण करावयाच्या असतात. जुळवणीतच तीन दिवस गेले, तर काम सुरळीत होऊ लागेपर्यंत समारोपाचा दिवस उजाडतो. म्हणून पहिल्या दिवसाचे एक-दोन तास परिचयासाठी राखून ठेवणे म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ मध्ये मांडलेली ‘जोहरी खिडकी’ ही संकल्पनाही येथे लक्षात घ्यावी लागते. व्यक्तीविषयीची काही माहिती तिला स्वतःला व इतरांनाही असते, काही केवळ तिला, काही केवळ इतरांना, तर काही कोणालाच नसते. पहिला म्हणजे खुला कप्पा वाढला की परस्परांतील व्यवहार सोपा होतो. परिचय-खेळाचे कार्य हा खुला कप्पा थोडासा वाढविणे एवढेच आहे. दुसरा, म्हणजे व्यक्तीने स्वतःपाशी राखून ठेवलेला कप्पा बळाने उघडणे हे त्याचे कार्य नाही. हा भेद न पाळल्यास खेळ त्रासदायक ठरतो.

३. ओळीने नाव सांगण्याची पद्धत आणि तिच्या मर्यादा

शिबिरात सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे प्रत्येकाने ओळीने उभे राहून नाव, वर्ग आणि गाव सांगणे. पन्नास जणांचा असा परिचय झाल्यानंतर कोणाला किती नावे आठवतात याची चाचणी घेतली, तर बहुधा निराशाच पदरी येते. यामागे विद्यार्थ्यांचे दुर्लक्ष नसून पद्धतीचा दोष आहे.

माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका वर्तुळात बसलेल्या व्यक्तींनी आळीपाळीने शब्द वाचले. आपली पाळी येण्याच्या लगेच आधी उच्चारलेले शब्द व्यक्तीला सर्वांत कमी आठवतात, असे त्यात आढळून आले. स्वतःला काय बोलावयाचे आहे या चिंतेत शेजाऱ्याचे बोलणे कानावर पडूनही मनात राहत नाही. म्हणजे ओळीने परिचय देताना जो सर्वांत जवळ बसलेला आहे, त्याचेच नाव निसटते.

दुसरी अडचण नावाच्या स्वरूपातच आहे. अनोळखी चेहऱ्यांसोबत नावे व व्यवसाय शिकविले असता व्यवसाय अधिक सहज आठवतात, असे १९८७ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवून दिले. शब्द एकच असला तरी हा फरक राहतो. मराठीतील समांतर उदाहरण द्यावयाचे तर ‘हे गृहस्थ सुतारकाम करतात’ हे लक्षात राहते. ‘यांचे आडनाव सुतार’ हे विसरले जाते. व्यवसायाभोवती रंधा, लाकूड, भुसा असे अर्थाचे जाळे असते. नाव मात्र एकटे असते. त्यामुळे नावाला एखादी कृती, आवड किंवा प्रसंग जोडला तर आठवणीला आधार मिळतो.

या अडचणींवरील उपायही अभ्यासांतून पुढे आला आहे. पीटर मॉरिस आणि कॅथरीन फ्रित्झ यांनी २००० मध्ये ‘नावांचा खेळ’ तपासून पाहिला. यात प्रत्येकाने स्वतःचे नाव सांगण्यापूर्वी आधीच्या सर्वांची नावे आठवून सांगावयाची असतात. जोडीजोडीने ओळख करून देण्यापेक्षा या खेळाने नावे कितीतरी चांगली लक्षात राहिली आणि काही महिन्यांनंतरही हा फरक टिकून राहिला. नाव पुन्हा ऐकल्याने नव्हे, तर ते आठवण्याचा प्रयत्न केल्याने पक्के होते, हे त्यामागील तत्त्व होय.

४. काय विचारावे आणि काय विचारू नये

परिचयाच्या तंत्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा आहे तो परिचयाचा आशय. महाराष्ट्रात आडनाव ही केवळ ओळखीची खूण नसते. आडनावावरून जात, गावावरून प्रदेश आणि वडिलांच्या व्यवसायावरून आर्थिक स्थिती यांचा अंदाज बांधण्याची सवय समाजात आजही आहे. ‘पूर्ण नाव, गाव, वडील काय करतात’ हे तीन प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतात. परंतु पहिल्याच तासाला ते विचारले, की शिबिराने ज्या भिंती खाली आणावयाच्या त्याच भिंतींची मोजणी सुरू होते. एखाद्या विद्यार्थ्याने आडनाव हळू आवाजात उच्चारणे किंवा वडिलांच्या व्यवसायाविषयी ‘शेती’ एवढाच मोघम शब्द वापरणे, यामागे बुजरेपणाच असतो असे नाही. त्यामागे पूर्वानुभव असू शकतो.

दहावी-बारावीचे गुण, शाळेचे माध्यम, सुट्टीतील प्रवास हे प्रश्नही याच प्रकारात मोडतात. त्यांच्या उत्तरांतून आपोआप एक उतरंड तयार होते. याउलट ‘तुमच्या हातून कोणते काम चांगले होते?’ हा प्रश्न विचारून पाहावा. भाकरी थापणे, पोहणे, सायकलचे पंक्चर काढणे, रांगोळी, विहिरीवरील पंपाची दुरुस्ती, लहान मुलांना गोष्ट सांगणे, अशी अनेक उत्तरे येतात. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्याजवळ शिबिराला उपयोगी पडणारी कौशल्ये अधिक असतात, हे या एका प्रश्नातून सर्वांना कळते. एलिझाबेथ कोहेन यांनी गटकार्याविषयीच्या आपल्या १९८६ मधील ग्रंथात हेच सूत्र विशद केले आहे. कामाला अनेक प्रकारच्या क्षमता लागतात आणि त्या सर्व एकाच व्यक्तीजवळ नसतात, हे उघडपणे मांडल्यास गटातील दुर्लक्षित सदस्याचे स्थान उंचावते.

भाषेचा प्रश्नही असाच आहे. प्रमाण मराठीत उभे राहून बोलावे लागणे, हीच काही विद्यार्थ्यांची मुख्य धास्ती असते. पहिल्या खेळात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा घरी बोलली जाणारी कोणतीही बोली वापरण्यास मोकळीक दिल्यास ही धास्ती पुष्कळशी कमी होते.

येथे आणखी एका बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत रॅगिंगचे प्रकारही अनेकदा ‘परिचय’ याच नावाखाली घडले आहेत. त्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात १९९९ मध्ये रॅगिंग प्रतिबंध अधिनियम आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरासाठी विनियम जारी केले. परिचय-खेळ आणि छळ यांतील सीमारेषा परस्परतेची आहे. छळात एक बाजू विचारते व दुसरी उत्तर देते. एक हसते व दुसरीचे हसे होते. परिचय-खेळात विचारणाराही तेच उत्तर देतो. म्हणून कनिष्ठांनी वरिष्ठांसमोर करून दाखवावयाची कोणतीही कृती परिचय-खेळ ठरत नाही आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांनी स्वतः वर्तुळात बसून पहिले उत्तर देणे इष्ट ठरते.

५. शिबिरासाठी उपयुक्त असे काही परिचय-खेळ

(अ) नावांची साखळी : दहा-बारा जणांचे वर्तुळ करावे. प्रत्येकाने आपले पहिले नाव आणि त्याच अक्षराने सुरू होणारी आवडती वस्तू किंवा कृती सांगावी. पुढच्याने आधीच्या सर्वांची नावे आठवून मग आपले नाव सांगावे. विसरल्यास वर्तुळाने आनंदाने मदत करावी. शिक्षा किंवा बाद करणे टाळावे. साखळी पूर्ण झाल्यावर जागा बदलून ती पुन्हा एकदा घ्यावी, म्हणजे नाव जागेशी नव्हे तर व्यक्तीशी जोडले जाते. लग्नप्रसंगी उखाण्यातून नाव घेण्याची परंपरा असलेल्या समाजात नावाला गंमतीची जोड देणे कोणालाही परके वाटत नाही.

(आ) मूक रांग : न बोलता, केवळ हातवारे करून सर्वांनी घरी सकाळी उठण्याच्या वेळेनुसार रांग लावावी. हा खेळ जन्मतारखेवरही घेतला जातो. तथापि शाळाप्रवेशाच्या सोयीसाठी १ जून ही जन्मतारीख नोंदविण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती, त्यामुळे तो काहींना अवघड वाटू शकतो. उठण्याच्या वेळेत लपविण्यासारखे काही नसते. शिवाय पहाटे चारला उठणारे कोण, हे कळल्यावर सकाळच्या चहाचा गट आपोआप ठरतो.

(इ) जोडीने परिचय : अपरिचित अशा दोघांनी प्रत्येकी तीन मिनिटे परस्परांना ठरावीक प्रश्न विचारावेत आणि नंतर गटाला आपल्या जोडीदाराची ओळख करून द्यावी. काय सांगावयाचे याची जोडीदाराकडून आधी संमती घ्यावी. प्रश्न सोप्याकडून थोड्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे जाणारे असावेत. आर्थर ॲरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अपरिचितांच्या जोड्यांनी पाऊण तास क्रमाक्रमाने अधिक वैयक्तिक होत जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांना दिली. केवळ इकडच्या-तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा त्यांना अधिक जवळीक वाटली. या प्रयोगाचे मर्म प्रश्नांच्या खोलीत जितके आहे, तितकेच दोघांनीही समान प्रमाणात सांगण्यात आहे. नावे पाठ होण्यासाठी साखळी आणि माणूस कळण्यासाठी जोडी, असा या दोन खेळांचा परस्परपूरक उपयोग करता येतो.

(ई) समान धागा : चार जणांच्या गटाने डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि महाविद्यालयाशी संबंध नसलेल्या तीन समान गोष्टी शोधाव्यात. ‘आम्हा चौघांनाही आंधळी कोशिंबीर खेळताना लागलेले आहे’ किंवा ‘चौघांनाही कारले आवडत नाही’ अशा उत्तरांत शाखा, जात व गाव यांच्या पलीकडचे नाते हलकेच निर्माण होते. चार जण निवडताना जुने घोळके मोडले जातील याची दक्षता घ्यावी.

६. खेळाकडून कामाकडे

परिचय-खेळांची मोठी मर्यादा अशी की, त्यांनी निर्माण केलेली जवळीक कामाचा आधार न मिळाल्यास लवकरच विरते. यासंदर्भात मुझफर शेरीफ व सहकाऱ्यांनी १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात घेतलेला शिबिर-प्रयोग प्रसिद्ध आहे. सुमारे अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात स्पर्धा लावल्यावर थोड्याच दिवसांत तीव्र वैर निर्माण झाले. त्यांना केवळ एकत्र जेवावयास बसवून किंवा चित्रपट दाखवून ते वैर कमी झाले नाही. उलट जेवणाच्या वेळी अन्नाची फेकाफेक झाली. शिबिराचा बंद पडलेला पाणीपुरवठा शोधणे, अडकलेला ट्रक दोरीने ओढणे अशी एकट्या गटाला न जमणारी कामे पुढे आली, तेव्हा मात्र तणाव निवळत गेला.

ही सर्व मुले जवळपास एकाच सामाजिक स्तरातील होती, हे विसरता येत नाही. जेथे विषमता आधीपासून आहे, तेथे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी त्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्ये मांडलेल्या अटी अधिक मार्गदर्शक ठरतात. भिन्न समूहांचा संपर्क हितकारक ठरावा यासाठी समान दर्जा, समान ध्येय, परस्पर सहकार्य आणि अधिकारी व्यक्तींचा किंवा संस्थेचा पाठिंबा आवश्यक असतो, असे त्यांनी प्रतिपादन केले.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात या चारही अटी पूर्ण होण्याची शक्यता असते. दगड उचलताना सर्वांच्या हातांना सारखीच माती लागते. बंधारा पूर्ण करणे हे सामाईक ध्येय असते. पाट्यांची साखळी एकाच्या थांबण्याने थांबते, त्यामुळे सहकार्य अपरिहार्य ठरते. मात्र स्वयंपाक गटात केवळ मुली, श्रमदान गटात केवळ ग्रामीण मुले आणि सूत्रसंचालनासाठी ठरावीक चेहरे अशी विभागणी केली, तर समान दर्जाची पहिलीच अट मोडते. मग आदल्या संध्याकाळी कितीही खेळ घेतलेले असोत, त्यांचा परिणाम शून्यवत होतो. कामाची वाटणी हाच शिबिरातील सर्वांत परिणामकारक परिचय-खेळ होय, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

७. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

परिचय-खेळांच्या आयोजनात पुढील बाबी लक्षात घेणे आवश्यक आहे. एक, ज्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला संकोचाविना देता येईल तोच विचारावा आणि ‘मी नंतर सांगतो’ असे म्हणण्याची मुभा सर्वांना असावी. दोन, हात धरणे, डोळे बांधून चालणे यांसारखे स्पर्शाधारित खेळ पहिल्या दिवशी टाळावेत. मुलामुलींच्या संमिश्र गटात ते अनेकांना अवघडून टाकतात. तीन, दृष्टी, श्रवण किंवा हालचालीच्या मर्यादा असलेल्या विद्यार्थ्यांना सहभाग घेता येईल असाच खेळ निवडावा. चार, खेळ उत्सुकता शिल्लक असतानाच थांबवावा. पाऊण तास पुरेसा होतो. पाच, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत किंवा श्रमदानाच्या आरंभी नावांची साखळी थोडक्यात पुन्हा घ्यावी.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये नवागत विद्यार्थ्यांसाठी ‘दीक्षारंभ’ या परिचय कार्यक्रमाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. शिबिरात विकसित झालेल्या या पद्धती महाविद्यालयीन प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यातही तितक्याच उपयोगी पडू शकतात.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, परिचय-खेळ हा शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेतील रिकामी जागा भरण्याचा प्रकार नाही. तो कोणाला कोणत्या नावाने आणि कोणत्या गुणाने ओळखावयाचे, याचा पहिला निर्णय असतो. प्रश्न सर्वांना पेलणारे असले, उत्तरे परस्परांनी दिली आणि खेळानंतर लगेच समान दर्जाचे काम हाती आले, तर अल्पावधीत गट उभा राहतो. यांपैकी एकही दुवा निखळला तर उरते ती केवळ करमणूक, आणि प्रसंगी अपमानही. सातव्या दिवशी परतीच्या गाडीत बसताना विद्यार्थी जुन्या घोळक्यांतच बसतात की नव्या मित्रांच्या शेजारी, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांनी अवश्य पाहावे. पहिल्या संध्याकाळचे परिचय-खेळ कितपत साधले, याचे उत्तर त्या आसनव्यवस्थेत मिळते.